डावा गाल

माझा चेहरा कोरडा. बाराही महिने. दिवाळीनंतर तर मनमोकळं हसायचीही पंचाईत, ओठांच्या कडेला बारीक चिरा पडतात. डोंबिवलीतल्या एका पार्लरवालीनं एकदा माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि रोज काय काय करायचं ते समजावून सांगितलं. कोमट पाण्यानं तोंड धुवायचं, साबण लावायचा नाही, टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावायचं. पोरगी विशीतली, आणि सांगत होती अशी, की हा शोध तिनं कालच लावलाय. मी म्हटलं, "बाई गं, हे मी आठ वर्षांची असल्यापासून करतेय." तिला वाटलं मी फुशारकी मारतेय. "मग स्किन इतकी ड्राय कशी राहिली?" म्हणाली. आता तिला काय सांगणार, की ते सगळं मी माझ्या चेहऱ्याला कधी केलंच नव्हतं.

मी ते बाबांच्या चेहऱ्याला करायचे.

ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. आम्ही ठाण्याला बाळकुमात राहत होतो. तेव्हा ते खरंखुरं गाव होतं, कोंबड्या अंगणात यायच्या. एका कौलारू घराच्या मागच्या दोन खोल्या आणि पडवी आमच्याकडे भाड्यानं होती. पुढच्या घरात घरमालकीण आजी राहायच्या, खाडीवर मासेमारी करणाऱ्या घरातल्या. बाबा सायकलनं कोलशेतच्या बाजूला एका काचेच्या कारखान्यात जायचे. तिथं बाटल्या व्हायच्या, औषधाच्या, सरबताच्या, सॉसच्या. बाबा भट्टीवर होते. वितळलेली काच साच्यात पडते, त्या साच्यांच्या यंत्रावर लक्ष ठेवायचं काम.

ते यंत्र अशा बेतानं बसवलेलं होतं, की उभं राहिलं की भट्टी डाव्या हाताला यायची. त्यामुळे आठ तास डाव्या गालाला धग आणि उजव्या गालाला दारातून येणारा वारा. बाबांचे दोन गाल दोन वेगळ्या माणसांचे होते. उजवा नुसता सावळा. डावा मात्र तांबूस, ओढलेला, भिंतीचा चुना सुटावा तशी पापुद्रे सुटलेली कातडी, आणि थंडीत डोळ्याच्या कडेपासून हनुवटीपर्यंत चिरा. डावी भुवईही अर्धी जळालेली. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांचा डावा गाल असाच असतो.

आईचे हात भांडी आणि धुणं करून खरखरीत झाले होते. तिनं तेल लावलं की बाबा "अगं अगं अगं" करत मागे सरायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "मग घ्या लेकीकडून लावून, तिचे हात आहेत राणीसरकारचे." आणि वाटी माझ्या हातात दिली. ते काम मला मिळालं ते असं, आईच्या रागातून. मी तेव्हा तिसरीत होते.

पहिले काही दिवस मी नुसतंच तेल चोळायचे आणि ते गालावर तसंच चकाकत राहायचं, आत काही जायचं नाही. घरमालकीण आजी ओट्यावर जाळं विणत बसलेल्या असायच्या. त्यांनी एक दिवस पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "आगो पोरी, सुकल्या तोंडावं तेल चोलून काय होनार? आदी पानी लाव. वलं हाय तवरच तेल लावाचं. आमी खाडीवरना आलाव का तसाच करताव." खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात आयुष्य काढलेली बाई. सत्तरीतही तिचे गाल तुकतुकीत होते. मी ते ऐकलं, आणि तिथून आमची पद्धत ठरली.

फर्स्ट पाळी असली की बाबा साडेतीनला यायचे. आधी पाय धुवायचे, मग कोमट पाण्यानं तोंड. साबण बंद, डाळीचं पीठ दुधात कालवून तेच लावायचं, तेही चोळायचं नाही. मग पडवीतल्या बुटक्या स्टुलावर बसायचे. मी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पाणी टिपायचे, सगळं नाही, थोडं मागे ठेवायचं. उन्हाळ्यात खोबरेल. पावसाळ्यात ग्लिसरीन आणि गुलाबपाणी, केमिस्टकडून आणून एका बाटलीत हलवून ठेवलेलं. थंडीत मात्र साय. सायीवरून रोज भांडण. आई ती तुपासाठी साठवायची आणि त्यातली एक चमचा मला काढून देताना न चुकता म्हणायची, "ह्या घरात तूप पोळीवर कमी आणि तोंडावर जास्त." नाइट पाळीच्या आठवड्यात हा कार्यक्रम सकाळी साडेसातला व्हायचा आणि मी शाळेत हाताला सायीचा वास घेऊन जायचे. बाईंनी एकदा विचारलं होतं, डबा सांडला का म्हणून.

एक नियम होता, कामावर जाताना तोंडाला काही लावायचं नाही. तो आईनं सांगितलेला होता, पण का ते सांगितलं नव्हतं, आणि कारण न सांगितलेले नियम मी तेव्हाही पाळत नव्हते. एका डिसेंबरात बाबांचा गाल इतका फाटला होता, की पहाटे उठून मी आईच्या नकळत चांगली दोन चमचे साय काढली आणि सायकलला टेकून उभ्या असलेल्या बाबांच्या डाव्या गालाला थापली. माझा हिशोब सरळ होता. एकदा लावून इतकं बरं वाटतं, तर दोनदा लावून दुप्पट वाटेल. बाबा "वा," म्हणाले, सायकलवर बसले आणि गेले.

दुपारी आले तेव्हा गाल लालभडक होता, मधे एक पाणी भरलेला फोड. आई घाबरली. "ठिणगी उडाली," बाबा म्हणाले. भट्टीजवळ साय तापून गालावर अक्षरशः तळली गेली होती. हे मला समजायला काही वर्षं लागली. त्यांना ते सकाळीच माहीत होतं. गल्लीच्या वळणावर रुमालानं पुसून टाकता आलं असतं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण ते मी लावलं होतं. मला आजही ते आठवलं की राग येतो त्यांचा, इतकं कशाला भलं असायचं माणसानं.

गालाला हात लावते वेळी बाबा डोळे मिटून बसायचे. डोळे मिटलेल्या माणसाला काहीही सांगता येतं. गणितात नापास झाल्याचं मी त्यांना तसंच सांगितलं. शेजारणीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्या हातून फुटलं, तेही. तोंड उघडलं की तेल आत जाणार, म्हणून त्यांना रागवता यायचं नाही. फक्त "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"चे पाच-सहा प्रकार मला पाठ होते. सगळं लावून झालं की ते म्हणायचे, "आज तुझ्या शाईच्या बाटल्या केल्या," किंवा "आज खोकल्याच्या औषधाच्या." मग मी वाण्याच्या दुकानात फळीवरच्या बाटल्यांकडे मालकिणीच्या तोऱ्यात बघायचे. दिवसातली ती दहा मिनिटं. बाकी दिवसभर बाबा पाळीत नाहीतर झोपेत. माझ्या वाट्याला आलेले बाबा म्हणजे ती दहा मिनिटं, आणि मला ती पुरत होती.

तेराव्या वर्षी माझी पाळी सुरू झाली. आमच्याकडे चार दिवस बाजूला बसायची रीत होती, आई ती कडक पाळायची. मला पडवीच्या एका कोपऱ्यात चटई, वेगळं ताट-भांडं, कुणाला शिवायचं नाही. दुपारी बाबा आले. पाय धुतले, तोंड धुतलं, स्टुलावर बसले आणि सवयीनं डोळे मिटले. मी चार हातांवर चटईवर बसले होते, मांडीखाली हात दाबून. ते तसेच बसून राहिले. पाणी हनुवटीवरून शर्टावर ठिबकत होतं. शेवटी आतून आई म्हणाली, "ती नाही येणार आज. बाजूला बसलीय." बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मग उठून आत गेले. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी दिवस मोजले. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, केस तसेच ओले, मी वाटीत साय घेऊन तीन वाजल्यापासून पडवीत उभी. बाबा आले. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली काचेची एक बरणी होती, कोल्ड क्रीमची, पांढरी. म्हणाले, "आता राहू दे बाळा. मोठी झालीस तू. माझं मी लावत जाईन."

एवढंच. आवाजात राग नाही, काही नाही. उलट फार जपून बोलले. आज कळतं की त्यांना माझ्या संकोचाची काळजी होती, वयात आलेल्या मुलीला बापाच्या तोंडाला हात लावायला लाजल्यासारखं होईल, म्हणून त्यांनी आपण होऊन मला सोडवलं. मला सुटायचं नव्हतं. पण तेरा वर्षांची मुलगी हे कुठल्या तोंडानं सांगणार? मला वाटलं, माझे हातच आता चांगले राहिले नाहीत. वाटीतली साय मी मांजरापुढे ठेवली आणि आठ दिवस बाबांशी बोलले नाही. आई म्हणाली, "ह्या वयात असंच फिरतं डोकं."

मग पुढची सात-आठ वर्षं मी त्यांना ते क्रीम लावताना लांबून बघितलं. अगदी चुकीचं लावायचे. तोंड कोरडं करून, टॉवेलनं खसाखसा पुसून, आणि दोन्ही गालांना सारखं! डाव्याला तिप्पट लागतं हे त्यांना माहीतच नव्हतं. कानाजवळची ती कडा तर कायम सुटायची. मी आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेली, आणि माझी बोटं नुसती वळवळायची. कितीदा वाटलं, उठावं, बरणी हिसकावून घ्यावी आणि म्हणावं, "डोळे मिटा." उठले नाही. त्यांनी नको म्हटलंय ना, मग नको. माझा हट्ट हा माझ्या बापाच्या भलेपणाइतकाच अस्सल.

नव्वदनंतर कारखाना बंद पडला. एक दिवस पाळीला गेलेले बाबा तासाभरात परत आले, गेटला कुलूप. लोक काही महिने गेटवर मांडव घालून बसले, मग मांडवही उठला. मी तोवर ठाण्यात एका ऑफिसात टायपिंगला लागले होते. बाबा पन्नाशीचे. सकाळी तयार होऊन बसायचे, पेपर वाचायचे, खाडीपर्यंत चालत जाऊन यायचे.

आणि त्यांचा गाल बरा होऊ लागला. आधी तांबूसपणा गेला. मग चिरा भरल्या. एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला, आणि डाव्या भुवईचे केसही पूर्ण आले. लोक म्हणायचे, "चेहरा काय छान झालाय! घरी बसणं मानवलं हो." बाबा हसायचे. मला ते बघवायचं नाही. दोन्ही गाल सारखे, गुळगुळीत, कुणाचेही असावेत असे. माझ्या हाताला जो चेहरा पाठ होता तो राहिलाच नव्हता, आणि ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती. बापाचा गाल बरा झाला म्हणून रडणाऱ्या मुलीला लोक काय म्हणतील?

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं, डोंबिवलीचं स्थळ. लग्नाच्या आधीच्या रविवारी मी शिंप्याकडे निघाले होते. ब्लाउज दोनदा बिघडवून ठेवला होता त्यानं, माझं डोकं तापलेलं. पायात चपला, हातात पिशवी. पडवीत बाबा स्टुलावर बसले होते. म्हणाले, "जरा बघतेस का गं? डावा गाल ओढल्यासारखा होतोय."

मी वाकले. तर्जनीच्या मागच्या बाजूनं त्यांच्या गालाला हात लावला, ताप बघतात तसा. दहा वर्षांनी. गाल थंड होता आणि मऊ.

"काही नाही ओढत, बाबा. मस्त मऊ झालाय," मी म्हटलं. "आता तुम्हाला काही लावायची गरजच नाही."

"हो का?" बाबा म्हणाले. "बरं झालं मग."

आणि मी गेले. शिंप्याशी भांडले, ब्लाउज उसवून घेतला, परत येताना कोथिंबीर आणली. माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते लग्नानंतर, डोंबिवलीत. एका सकाळी तोंड धुऊन आरशासमोर उभी होते, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, आणि मला एकदम दिसलं, की त्या रविवारी बाबांचा चेहरा ओला होता. शर्टाची पहिली दोन बटणं उघडी होती. ते तोंड धुऊन बसले होते. गाल मऊ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं का? स्वतःचा गाल होता त्यांचा. मी कोरडेपणाचं उत्तर दिलं, आणि तेही बरोबर दिलं, शहाणी कुठली.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं होते. मी महिन्याकाठी माहेरी जायची. दर वेळी ठरवून जायची, की आज म्हणायचं, बसा स्टुलावर. पण लग्न झालेल्या बाईनं बापाच्या तोंडाला हात लावायचा तर काहीतरी कारण लागतं, आणि कारण तर मीच संपवून टाकलं होतं. मी त्यांच्यासाठी फळं न्यायची, स्वेटर नेला, चष्म्याची काडी बदलून आणली. ते म्हणायचे, "कशाला एवढं?" आणि आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसायचो. मला त्यांचा चेहरा हवा होता. दहा मिनिटं, ओला, डोळे मिटलेला. इतकं सोपं होतं ते, आणि मला जमलं नाही.

ते गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. एका सकाळी मी क्रीम लावत होते आणि ती पलंगावर बसून बघत होती. मी तिला त्या रविवारचं सांगून टाकलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं ती म्हणेल, काहीतरीच तुझं, त्यांच्या लक्षातही नसेल.

आईनं पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "त्याच्या आधीचे तीन रविवार बसत होते तसे. तू घरी असलीस की कोमट पाणी मागायचे, तोंड धुवायचे आणि पडवीत जाऊन बसायचे. तू आपली आत-बाहेर, तुझ्या घाईत. मी म्हणायची, हाक मारा की. तर म्हणायचे, तिचं तिला वाटलं तर येईल. चौथ्या रविवारी विचारलं त्यांनी."

"आणि पाचव्या रविवारी?" मी विचारलं.

"पाचव्या रविवारी कुठली तू घरी?" आई म्हणाली. "गुरुवारीच गेलीस ना सासरी. ते बसले होते."